हात दुसऱ्याच्या डोक्यावर

काल, 28 फेब्रुवारीला, देशभरातल्या शाळा-महाविद्यालयांत राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा झाला. रामन यांच्या तसबिरीला हार, भित्तिपत्रकांची स्पर्धा, प्रमुख पाहुण्यांचे वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषण. ते व्हायलाच हवे. पण त्याच्या दुसऱ्याच दिवशी येणारा 1 मार्च हाही विज्ञानाचाच दिवस आहे, आणि तो आपल्याकडे कुणाच्या ध्यानीमनी नसतो. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवर आज सुट्टी असते, स्मरणाची. 1954 साली याच तारखेला, सकाळी पावणेसातच्या सुमारास, त्या देशातल्या बिकिनी या कंकणद्वीपावर अमेरिकेने ‘कॅसल ब्राव्हो’ या नावाची हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. 1946 ते 1958 या काळात मार्शल बेटांवर एकूण 67 चाचण्या झाल्या. त्यांतली ही सर्वांत मोठी, आणि आपल्या कर्त्यांना सर्वांत मोठा धक्का देणारी.

लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 6 मेगाटनांचा अंदाज बांधला होता. स्फोट झाला 15 मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमाच्या सुमारे हजार पट. गणित अडीच पट चुकले, पण बेरीज-वजाबाकी बरोबर होती. बॉम्बचे इंधन होते लिथियम ड्युटेराइड. निसर्गात लिथियमचे दोन समस्थानिक सापडतात, लिथियम-6 आणि लिथियम-7. न्यूट्रॉन गिळून ट्रिटियम देणारे, म्हणून कामाचे, ते लिथियम-6. ते थोडके आणि वेगळे काढायला महाग. म्हणून इंधनात त्याचे प्रमाण सुमारे 40 टक्के ठेवले. उरलेले लिथियम-7 म्हणजे नुसती भरताड, ते स्फोटात गप्प पडून राहील, असे धरले गेले. प्रत्यक्षात स्फोटाच्या पोटात न्यूट्रॉन इतक्या वेगाने सुटले की लिथियम-7 सुद्धा फुटले, त्यातूनही ट्रिटियम निघाले आणि वर एकेक न्यूट्रॉन मोकळा झाला. जगातली नामांकित डोकी ज्या प्रयोगावर खपली होती, त्यातल्या निम्म्याहून अधिक लिथियमकडे कुणी नीट पाहिलेच नव्हते. ते पाहण्याजोगे नाही, हे आधीच ठरून गेले होते.

बॉम्बची कळ दाबणारे नऊ जण वीस मैलांवरच्या एका काँक्रीटच्या खोलीत होते. ती खोली हादरली आणि थोड्याच वेळात बाहेरच्या किरणोत्साराचे आकडे चढू लागले. अखेर त्यांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले, तेव्हा ते अंगाभोवती बिछान्याच्या चादरी गुंडाळून बाहेर पडले. अणुयुगातल्या सर्वांत खर्चिक यंत्रणेचा शेवटचा भरवसा चादरीवर होता. या तपशिलावर हसावे की नाही, कळत नाही.

लिथियमची चूक अज्ञानातून झाली असे म्हणता येईल. वाऱ्याच्या बाबतीत तीही सोय नाही. स्फोटाच्या आदल्या मध्यरात्रीच्या आढाव्यात वरच्या थरातले वारे पूर्वेला, रोंगेलाप बेटाच्या दिशेने वळत असल्याचे समोर आले होते. 1946 साली बिकिनीवर जेव्हा 23 किलोटनांचे, तुलनेने किरकोळ, दोन बॉम्ब फोडले, तेव्हा खबरदारी म्हणून रोंगेलापच्या लोकांना हलवले होते. आठ वर्षांनी बॉम्ब शेकडो पटींनी मोठा झाला आणि खबरदारी मात्र नाहीशी झाली. मोहिमेच्या प्रमुखांनी ठरवले, स्फोट वेळेवर होईल.

या प्रमुखांपैकी वैज्ञानिक बाजू सांभाळणारे होते आल्विन ग्रेव्ह्ज. त्यांची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे.

21 मे 1946. लॉस अलामॉसमध्ये लुई स्लोटिन हे कॅनडाचे पस्तिशीतले शास्त्रज्ञ सहकाऱ्यांना एक प्रयोग दाखवत होते. 6.2 किलो प्लुटोनियमचा गोळा, त्यावर बेरिलियमची वाटी. वाटी जितकी खाली यावी तितकी साखळी प्रक्रिया जवळ यावी. ती पूर्ण बंद होऊ नये म्हणून मध्ये फट ठेवायची, आणि त्यासाठी वापरायला ठरलेल्या पाचरी काढून टाकून स्लोटिन यांनी तिथे साधा स्क्रूड्रायव्हर धरला होता. हे त्यांनी आधी अनेकदा केले होते. हात सफाईदार होता, प्रेक्षक खूश होत. असेच चालू राहिलात तर वर्षभरात मराल, असे एन्रिको फर्मी यांनी त्यांना बजावल्याचे सांगतात. याच गोळ्याने नऊ महिन्यांपूर्वी हॅरी डॅघलियन या तरुण सहकाऱ्याचा बळी घेतला होता, तरीही. त्या दिवशी स्क्रूड्रायव्हर निसटला. निळी चमक झाली. स्लोटिन यांनी हातानेच वाटी उलथून टाकली आणि नऊ दिवसांनी ते गेले. त्यांच्या खांद्यामागून वाकून पाहणारे ग्रेव्ह्ज काही आठवडे रुग्णालयात होते. डोक्याचे केस गेले, पुढे डोळ्यांत मोतीबिंदू आला, पण ते वाचले. स्लोटिन वगळता खोलीतल्या इतरांपेक्षा त्यांनाच जास्त मात्रा लागली होती. किरणोत्सार म्हणजे काय हे स्वतःच्या शरीरावर शिकलेला माणूस आठ वर्षांनी बिकिनीत वाऱ्याचा अहवाल हातात घेऊन बसला होता, आणि त्याने होकार दिला.

अशा प्रसंगी आपल्याला भस्मासुराची आठवण होते. हायड्रोजन बॉम्बवरच्या मराठी लेखांत तो हटकून येतो. पण ही गोष्ट नीट आठवून पाहावी. भस्मासुर मागे लागल्याने वर देणाऱ्या महादेवालाच पळावे लागले, आणि शेवटी हात पडला तो असुराच्या स्वतःच्या डोक्यावर. सगळा हिशेब घरातल्या घरात मिटला. स्लोटिन यांची गोष्ट तशी आहे. ब्राव्होची नाही. ब्राव्होत हात ज्यांच्या डोक्यावर पडला त्यांनी ना वर मागितला होता, ना दिला होता. आमच्या मते बेफिकिरी वाढते ती नेमकी इथे. चुकीची किंमत स्वतःच्या हाताने चुकवायची असते तोवर धीट माणूसही कधीतरी बिचकतो. ती दीडशे किलोमीटरवरचे कुणीतरी चुकवणार असेल, तर अंदाज अधिक ठाम होतात, आवाज अधिक शांत होतो.

रोंगेलापवर त्या दिवशी 64 माणसे होती. स्फोटानंतर काही तासांनी आकाशातून पांढरी भुकटी पडू लागली. ती होती जळालेल्या प्रवाळाची, किरणोत्साराने भारलेली राख. ती झोपड्यांवर, पाण्याच्या साठ्यात, अन्नावर साचली. बर्फ कधी न पाहिलेली मुले तिच्यात खेळली. संध्याकाळपर्यंत उलट्या, जुलाब, अंगाची आग. रोंगेलापच्याही पलीकडच्या बेटावर अमेरिकेचे हवामान निरीक्षक होते, त्यांना 2 मार्चला हलवले. रोंगेलापच्या लोकांसाठी जहाज आले 3 मार्चला. तेव्हा वर्षाचा असलेला एक मुलगा 1972 साली रक्ताच्या कर्करोगाने गेला. तेव्हाच्या लहान मुलांपैकी बहुतेकांना पुढे थायरॉईडचे विकार झाले. 1957 मध्ये बेट सुरक्षित आहे असे सांगून लोकांना परत नेले. 1985 मध्ये, सरकारी भरवशाला कंटाळून, ते ‘रेनबो वॉरियर’ या ग्रीनपीसच्या जहाजातून आपले बेट सोडून गेले.

जपानच्या याइझू बंदरातली 23 खलाशांची ट्यूना पकडणारी बोट, ‘दाइगो फुकुर्यू मारू’, जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर होती. तिच्यावरही राख पडली. बोटीचे रेडिओ अधिकारी आइकिची कुबोयामा 23 सप्टेंबरला टोकियोत वारले.

मार्चअखेर अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस यांनी पत्रकारांपुढे निवेदन केले. चाचणी हाताबाहेर गेली असे म्हणणे चूक आहे. बोट धोक्याच्या क्षेत्राच्या आतच असली पाहिजे. खलाशांच्या कातडीवरच्या जखमा प्रवाळाच्या रासायनिक परिणामाने झाल्या असाव्यात. बेटावरचे लोक आपल्याला ठणठणीत आणि आनंदी दिसले. चोराच्या उलट्या बोंबा, एवढेच म्हणता येते. या निवेदनाआधीच, 27 मार्चला, बिकिनीवर दुसरा बॉम्ब फुटला होता. त्यात तर महागडे, वेगळे काढलेले लिथियम-6 नव्हतेच, साधे नैसर्गिक लिथियम होते. अंदाज 4 मेगाटनांचा, प्रत्यक्षात 11. पहिल्या दिवशीची घोडचूक महिन्याच्या आत काटकसरीची युक्ती झाली.

आपल्याकडे याचे पडसाद लवकर उमटले. 2 एप्रिल 1954 रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या निदान थांबवून धरण्याचा करार व्हावा, अशी मागणी केली. महासत्तांनी ती तेव्हा मनावर घेतली नाही. हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अंतराळातल्या चाचण्यांवर बंदी यायला 1963 उजाडले. ब्राव्होच्या पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1955 मध्ये, जिनिव्हातल्या अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवरील परिषदेच्या अध्यक्षपदावरून मुंबईच्या होमी भाभा यांनी भाकीत केले की, संमीलनाची ऊर्जा ताब्यात ठेवून वापरण्याची रीत वीस वर्षांत सापडेल. ब्राव्होत सुटलेल्या ऊर्जेत हीही होती. वीस वर्षांची मुदत 1975 मध्ये संपली आणि अशी वीज अजून कुणाच्या घरात आलेली नाही. आत्मविश्वास भाभांनाही काही कमी नव्हता. पण भाकीत चुकले म्हणून कुणाच्या छपरावर राख पडली नाही. अशा आत्मविश्वासाविरुद्ध आमची तक्रार नाही. तो नसता तर विज्ञान दिन साजरा करण्याजोगे काही उरले नसते.

ब्राव्होचे खरे रूप उघड केले तेही भौतिकशास्त्रज्ञानेच, हेही सांगायला हवे. 1944 अखेर लॉस अलामॉस सोडून गेलेल्या जोसेफ रॉटब्लॅट यांनी जपानी शास्त्रज्ञांनी राखेत मोजलेल्या आकड्यांवरून ताडले की, स्फोटाचा मोठा भाग युरेनियमच्या विखंडनातून आलेला आहे, म्हणून ही राख इतकी घातक. स्ट्रॉस यांच्या निवेदनात यातले काही नव्हते.

आजचे चित्र संमिश्र आहे. डिसेंबर 2024 मध्ये 38 शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात लिहून, आरशातल्या प्रतिमेसारख्या उलट्या रेणूंचे जिवाणू घडवू नयेत, असे सांगितले. असे जिवाणू आज अस्तित्वात नाहीत आणि ते व्हायला अजून वर्षे लागतील. पण झालेच तर माणसाची, प्राण्यांची आणि वनस्पतींची प्रतिकारशक्ती त्यांना कदाचित ओळखणारच नाही. सही करणाऱ्यांत या वाटेवर स्वतः काम केलेले लोक होते. उलट मे 2023 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अग्रगण्य कंपन्यांच्या प्रमुखांनी, या तंत्रज्ञानामुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका अणुयुद्धाइतकाच गांभीर्याने घ्यावा, अशा एका वाक्याखाली सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. त्यांचे अंदाज बरोबरही निघतील. पण लिथियम-7 सारखे त्यांच्या कोष्टकात गप्प धरलेले काय आहे, हे तपासायचा आणि गरज पडल्यास नाही म्हणायचा अधिकार त्यांच्या पगारपत्रकाबाहेरच्या कुणाकडे आहे, याचे उत्तर अजून कोणत्याही देशाने नीट दिलेले नाही.