बदक पाळायचे, पण कोणते?

पहिलीच्या पुस्तकात 'ब' बदकाचा असतो. पण शहरातल्या किती मुलांनी खरे बदक जवळून पाहिलेले असते? कोंबडी पाहिलेली असते, कबुतर तर खिडकीतच येऊन बसते. बदक मात्र चित्रात राहते. म्हणूनच बाजारात टोपलीभर पिवळी पिल्ले दिसली की मुले हट्ट धरतात आणि आईबाप विरघळतात.

आमच्या ओळखीच्या एका घरी असेच झाले. धाकटीच्या हट्टापायी एक पिल्लू आणले. महिना-दोन महिने ते तिच्या पायापायात घरभर फिरले. पुढे मोठे झाले, दिवसभर ओरडू लागले, शेजाऱ्यांची कुरकुर सुरू झाली. एका संध्याकाळी वडिलांनी ते गावाबाहेरच्या तळ्यावर सोडून दिले. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेतून परस्पर तळ्यावर गेली, तर तिथे नुसती पिसे पडलेली. त्या गृहस्थांच्या मनात दुष्टपणा नव्हता. घरी वाढलेल्या जड बदकाला धड उडता येत नाही, कुत्र्यापुढे पळताही येत नाही, हे त्यांना माहीत नव्हते. पोरीने मात्र पुढे कित्येक दिवस बापाशी धड बोलणे टाकले होते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पिल्लू आणण्याआधी चार गोष्टी माहीत करून घ्याव्यात.

आपल्याकडे सर्वांत जास्त नाव ऐकू येते ते खाकी कॅम्पबेलचे. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी शंभरेक वर्षांपूर्वी ही जात तयार केली. खाणे-पिणे नीट असेल तर एक मादी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, म्हणजे चांगल्या कोंबडीच्या बरोबरीने. पण स्वभावाने भित्री. भांडे पडले तरी सगळी बदके एका कोपऱ्यात धावतात. अंड्यांसाठी जरूर पाळावी, मांडीवर येऊन बसेल ही अपेक्षा करू नये. इंडियन रनर तिच्याहून बुजरी. नाव इंडियन असले तरी मूळची इंडोनेशियाकडची. बाटली उभी ठेवावी तशी ताठ चालते. बघायला मौज वाटते, पण हाताला लागत नाही.

मस्कोव्ही हे मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. तोंडावर लाल खरबरीत मांस असते, त्यावरून ओळखू येते. ते ओरडत नाही, नुसते फुसफुसते, त्यामुळे दाटीच्या वस्तीत बरे. मात्र मादी चांगली उडते, पायाच्या नख्या धारदार असतात आणि मोठा नर लहान मुलाला ओरबाडू शकतो.

मुलांच्या सोबतीसाठी पाळायचे तर माझे मत पांढऱ्या पेकिनच्या बाजूने आहे. ही जात चीनची. 1873 साली ती अमेरिकेत गेली आणि तिथून जगभर पसरली. अंगाने जड, तीन-साडेतीन किलोची, त्यामुळे उडत नाही. स्वभाव शांत, माणसाला लवकर सरावते. अंडी खाकीपेक्षा बरीच कमी. एक खोड मात्र आहे. ही मांसासाठी वाढवलेली जात, म्हणून वजन भराभर चढते आणि मोकाट खाऊ घातले तर पाय भार सोसत नाहीत, बदक लंगडते. शिवाय मादीचा आवाज मोठा. नराचा घोगरा आणि हलका असतो, त्याच्या शेपटीवर एक-दोन पिसे वर वळलेली असतात. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांनी नरांची जोडी ठेवली तरी चालते. पण अंडी मिळणार नाहीत. उलट, नुसत्या माद्या ठेवल्या तर नराशिवायही त्या अंडी देतात, फक्त त्यातून पिल्ले निघत नाहीत. एक नर आणि एकच मादी ठेवू नये, तो तिला फार त्रास देतो.

जात निवडली म्हणजे काम झाले असे नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू पहिल्या दिवसा-दोन दिवसांत जे हलताना पाहते त्याच्यामागे जाते. याचा अभ्यास करणारे कॉनराड लॉरेन्झ यांना 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या मागे हंसांची पिल्ले रांगेने चालत. म्हणजे माणसाळणे रक्तात थोडे आणि रोजच्या सहवासात जास्त. हातावर दाणे घेऊन रोज अर्धा तास शांत बसायला घरात कोणी आहे का, हे आधी पाहावे. आणि पिल्लू एकटे कधीही आणू नये. बदक कळपाचा जीव आहे. आपण कामावर आणि मुले शाळेत गेली की एकटे बदक ओरडणारच. त्या घरातला सारा घोळ तिथूनच सुरू झाला होता.

आता हिशेब. मोठे बदक दिवसाला साधारण दीडशे ग्रॅम खाद्य खाते. दोघांचे तीनशे, म्हणजे महिन्याला नऊ किलो. कोंडा, भरडा, शिळा पण न आंबलेला भात चालतो. ओलसर करून द्यावा, कोरडा घशात अडकतो. बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड किंवा मका चुकूनही देऊ नये, त्या विषाला बदक इतर पक्ष्यांपेक्षा लवकर बळी पडते. पोहायला तळे लागतेच असे नाही. पण डोळे-नाक धुता येतील इतके खोल पाणी सतत हवे, आणि ते रोज बदलायला हवे. बदक घटकाभरात त्याचा चिखल करते. हे पाणी परसातल्या झाडांना घालावे. पाण्याचीच ओढाताण असेल त्या घराने हा नाद करू नये, असे मी स्पष्ट सांगेन.

उचलताना पाय किंवा पंख धरू नयेत, पाय नाजूक असतात. पोटाखाली तळहात घालून पंख अंगाशी दाबून धरावे, आणि नंतर मुलांना साबणाने हात धुवायला लावावेत. तळ्यावरची रानटी बदके पकडून आणणे तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

पिल्लांसाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी, लसीचेही तिथेच विचारावे. रात्री खुराडे पक्के बंद हवे. सकाळी मात्र दार उघडण्याची घाई नको. बदके बहुधा नऊच्या आत अंडी घालतात. लवकर सोडली तर अंडी खुराड्याऐवजी शेजारच्या केळीच्या बुंध्याशी शोधावी लागतात.