सारख्या दिवसांची जबानी

१९७३ च्या जून महिन्यात अमेरिकन सिनेटच्या चौकशी समितीपुढे वॉटरगेट प्रकरणी साक्ष देताना राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे माजी विधी-सल्लागार जॉन डीन यांनी २४५ पानांचे निवेदन वाचून दाखविले, आणि कोणत्या भेटीत कोण काय बोलले हे त्यांनी इतक्या बारकाव्याने कथन केले की, वृत्तपत्रांनी त्यांना चालतेबोलते ध्वनिमुद्रणयंत्र ठरवून टाकले. पुढच्याच महिन्यात, निक्सन यांच्या कचेरीत खरोखरीच ध्वनिमुद्रण होत असे ही गोष्ट उजेडात आली; आणि उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाला एका माणसाची शपथेवरची आठवण व मूळ संभाषण ही दोन्ही ताडून पाहण्याची अपूर्व संधी लाभली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, १५ सप्टेंबर १९७२ च्या भेटीत निक्सन यांनी आपल्याला बसावयास सांगितले आणि कचेरीप्रमुख हाल्डेमन यांच्याकडून आपली कामगिरी कळत असल्याचे ते म्हणाले, असे जे डीन सांगत होते, त्याचा ध्वनिफितीत मागमूस नाही; दहा लाख डॉलर उभे करण्याविषयीचे जे बोलणे त्यांनी १३ मार्चच्या नावावर घातले, ते वस्तुतः २१ मार्चला झाले होते; आणि तरीही, प्रकरण दडपण्याच्या कारस्थानाची निक्सन यांना जाणीव होती, हा त्यांच्या साक्षीचा गाभा खराच होता.

डीन खोटे बोलत नव्हते. तीच कचेरी, तीच माणसे, तोच विषय, अशा अनेक बैठकी त्यांच्या स्मृतीत एकमेकींत मिसळल्या होत्या, आणि एकीतले वाक्य दुसरीत जाऊन बसले होते. आपल्याकडे एखादा साक्षीदार उलटतपासणीत असा सापडला, तर त्याची साक्ष अविश्वसनीय ठरविण्यास एवढे पुष्कळदा पुरेसे ठरते. आणि हे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सारखे अनुभव निराळे ठेवणे हे मेंदूला आपोआप साधणारे काम नव्हे. त्यासाठी त्याला खास व्यवस्था करावी लागते, हे गेल्या अर्धशतकाच्या संशोधनाने दाखविले आहे. नव्या प्रसंगांची स्मृती ज्याच्यावाचून घडत नाही, त्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या तोंडाशीच डेंटेट जायरस नावाची पेशींची एक वळलेली पट्टी आहे, आणि एकाच मजकुराचे दोन अर्ज आले तरी आवक बारनिशीचा कारकून जसा प्रत्येकाला निराळा क्रमांक घालतो, तसे काम ही पट्टी करते. उंदराच्या मेंदूत एका बाजूच्या या पट्टीत सुमारे दहा लाख पेशी असतात, तर त्यांच्याकडे वार्ता आणणाऱ्या पेशी त्याहून कितीतरी कमी. शिवाय या दहा लाखांपैकी एका वेळी अगदी थोड्याच चेततात, त्यामुळे जवळजवळ सारख्या दोन प्रसंगांना पेशींचे निरनिराळे संच वाट्यास येण्याचा संभव वाढतो. अशा विरळ नोंदीने स्मृतींची सरमिसळ टळेल, या विचाराचा गणिती पाया डेव्हिड मार या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ सालीच घातला होता. प्रत्यक्ष पुरावा हाती येण्यास मात्र २००७ साल उजाडले. त्या वर्षी नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील संशोधकांनी, जिच्या भिंती चौकोनी आकारातून हळूहळू गोल करता येत अशा पेटीत उंदरांना फिरविले, तेव्हा आकारातला अल्पसा फरकही डेंटेट जायरसमधील पेशींच्या स्पंदनात उमटलेला दिसला. त्याच वर्षी अमेरिकेत सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत, या पेशींतील एक विशिष्ट ग्राही रेणू नसलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांना एका खोक्यात सौम्य विजेचा धक्का बसे आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या खोक्यात बसत नसे. हा भेद निरोगी उंदरांना लवकर उमगला, पण हे उंदीर बराच काळ दोन्ही ठिकाणी सारखेच भीतीने थिजून राहत. भेद त्यांनाही अखेर कळला, पण फार उशिराने. धक्का कोठे बसला हे न कळणे म्हणजे धक्का बसलाच नाही असे नव्हे, ही साधी गोष्ट या मुक्या प्राण्यांच्या बाबतीत कोणीही मान्य करील.

विलग ठेवण्याच्या या व्यवस्थेला लागूनच तिच्या उलट काम करणारी दुसरी व्यवस्था आहे. हिप्पोकॅम्पसच्या सीए-३ या भागातील पेशी परस्परांशी इतक्या जोडलेल्या असतात की, प्रसंगाचा एक तुकडा मिळाला तरी त्या उरलेला प्रसंग जुळवून देतात. एका वासाने आजोळची सारी दुपार आठवते ती बहुधा यांच्यामुळेच. परंतु दहा प्रसंग सारखे असतील, तर हाती आलेल्या तुकड्याला जोड कोणत्या प्रसंगाची मिळेल याची शाश्वती उरत नाही. वय वाढते तसा तोल याच बाजूला झुकतो. कॅलिफोर्नियातील क्रेग स्टार्क यांच्या चाचण्यांत रोजच्या वापरातील वस्तूंची चित्रे दाखवून काही वेळाने तीच चित्रे, थोडी निराळी चित्रे आणि अगदी नवी चित्रे मिसळून समोर ठेवतात. वृद्ध माणसे पाहिलेले चित्र बरोबर ओळखतात, पण थोडे निराळे चित्रही ‘हेच ते’ म्हणून सांगतात. आणि वारंवार घडणाऱ्या गोष्टींचा सामायिक अंश कालांतराने मेंदूच्या बाह्यस्तरात पक्का होत जातो, तर कोणत्या दिवशी नेमके काय, हा अंश झिजतो.

आता आपल्याकडचे पोलीस ठाणे पाहावे. वर्षानुवर्षे घरात मारहाण सोसलेली एखादी स्त्री ठाणे अंमलदारापुढे बसून सांगते की, पोळ्याच्या सुमारास मारले, मग धाकट्याच्या बारशाआधी मारले, मग तर रोजचेच झाले. लिहिणारा हवालदार तारीख विचारतो, ती अंदाजाने काहीतरी सांगते, आणि कागदावर ‘अमुक तारखेस सायंकाळी सात वाजताचे सुमारास’ असे वाक्य उतरते. खाली ‘जबानी मला वाचून दाखविली, ती माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ या ठराविक ओळीवर तिची सही किंवा अंगठा घेतला जातो. चार-पाच वर्षांनी खटला उभा राहतो. त्या संध्याकाळी नवरा परगावी होता असे बचावाचे वकील दाखवितात, आणि जी तारीख मुळात तिची नव्हतीच, तिच्यापायी तिची सारी साक्ष लटकी ठरण्याची पाळी येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खालील क्रूरता ही पुष्कळदा सततची वागणूक असते. तिची स्मृती सुट्या तारखांच्या यादीसारखी मागणे म्हणजे मेंदू जे सहसा पुरवीत नाही तेच मागणे होय.

सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली भारवाडा भोगीनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात राज्य या निवाड्यात, साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मरणाची अपेक्षा करता येत नाही, वेळेचे अंदाज चुकतात आणि घटनांच्या क्रमात गोंधळ होतो, म्हणून गाभ्याला धक्का न लावणाऱ्या विसंगतींना अवास्तव महत्त्व देऊ नये, असे निःसंदिग्ध सांगून ठेवले आहे. तेथे विचार मुख्यतः एका घटनेच्या स्मरणाचा होता. वारंवार घडलेल्या अत्याचाराच्या साक्षीला हे तत्त्व त्याहून अधिक जोराने लागू पडते, आणि कनिष्ठ न्यायालयांनी ते तसे लावले पाहिजे.

आरोपीच्या हक्काचा प्रश्न यात आहे, आणि तो लहान नाही. एका प्रसंगातले वाक्य दुसऱ्या प्रसंगात जात असेल, तर एका माणसाचे कृत्य दुसऱ्याच्या नावावर जाणेही अशक्य नाही. म्हणून ज्या खटल्यात एकाच रात्रीच्या हजेरीवर किंवा नुसत्या ओळखीवर सारे अवलंबून असेल, तेथे हेच विज्ञान न्यायाधीशाला अधिक सावध राहण्यास सांगते आणि स्वतंत्र पुरावा मागावयास लावते. डीन यांच्या बाबतीत असा पुरावा ध्वनिफितींनी दिला. घरातल्या मारहाणीत तो दवाखान्याच्या केसपेपरावर, शेजाऱ्यांच्या सांगण्यात, माहेरी केलेल्या फोनच्या नोंदीत सापडू शकतो, पण तो शोधण्याचे कष्ट तपास अंमलदाराने घ्यावयाचे असतात. फिर्यादीची तारीख चुकली एवढ्यावर तपास संपत नाही.

सुधारणा करावयाची ती पहिल्या जबानीपासूनच. गृहखात्याने ठाण्यांना एवढे तरी बजावावे की, अशा फिर्यादीत आधी फिर्यादीला अडथळा न आणता सारे सांगू द्यावे. मग पहिला प्रसंग, शेवटचा प्रसंग आणि इतरांहून निराळा म्हणून जो लक्षात राहिला तो प्रसंग, हे तीन वेगवेगळे विचारून घ्यावेत. सण, पेरणी, बाळंतपण, शाळेची परीक्षा अशा ज्या खुणांनी ती काळ मोजते त्या खुणा तिच्याच शब्दांत लिहाव्यात. आणि तारीख सांगता येत नसेल, तर ‘तारीख सांगता येत नाही’ असेच नमूद करावे.