पोटासाठी फिरणाऱ्याचा रिचार्ज



दिवाळी सरली की आपल्या खानदेशातल्या कित्येक गावांत घरांना कुलपे लागतात. चाळीसगाव, पारोळा, साक्री, शिंदखेडा या तालुक्यांतून माणसे ऊसतोडीला निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी बारडोली-सुरतेकडे, तर कुणी वीटभट्टीवर. रावेर-सावद्याची केळी घेऊन आपले ट्रकचालक उत्तरेकडे जातात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, तिथे रात्रंदिवस गाड्यांची रीघ असते. वर्षाचे सहा-सहा महिने ही माणसे घराबाहेर असतात, काही चालक तर बाराही महिने. त्यांच्या बोचक्यात भांडी, अंथरूण, कोयता हे पूर्वीपासून होतेच. आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते या मोबाइलच्या वाढत्या खर्चाविषयी.

“एवढा काय मोठा विषय? महिन्याचे दोन-तीनशे रुपये तर लागतात!” असे कुणी म्हणेल. ठीक आहे, हिशेब मांडूनच बघू.

रोज दीड जीबी इंटरनेट आणि हवे तेवढे बोलणे, असा २८ दिवसांचा जिओचा रिचार्ज २०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत १९९ रुपयांना होता. १ डिसेंबर २०२१ पासून तो २३९ झाला आणि ३ जुलै २०२४ पासून २९९. वर्षाचे महिने बारा असले तरी २८ दिवसांच्या रिचार्जचे महिने तेरा होतात, हे विसरू नका. म्हणजे एका फोनचा वर्षाचा खर्च २,५८७ रुपयांवरून ३,८८७ रुपयांवर गेला. तीन वर्षांच्या आत १,३०० रुपयांची, म्हणजे निम्म्याने वाढ! जुलै २०२४ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांनीही त्याच आठवड्यात दर वाढवले, त्यामुळे गिऱ्हाइकाला पळायला वाट उरली नाही. ऊसतोड मजुरांच्या तोडणी दरात महाराष्ट्रात जानेवारी २०२४ च्या करारान्वये ३४ टक्के वाढ झाली, हे खरे. पण ती वाढ आधी घेतलेल्या उचलीत वळती होते. रिचार्जला मात्र रोख पैसे लागतात.

मोबाइल पूर्वी स्वस्त होता, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. आपल्यासारख्यांसाठी तेव्हा चौकातला एसटीडी-पीसीओच खरा होता. इनकमिंग फुकट झाले ते २००३ साली. तरीही राज्याची हद्द ओलांडली की रोमिंग लागायचे. नवापूर ओलांडून गुजरातेत गेलेल्या मजुराला घरून फोन आला, तर त्याचेच पैसे कापले जायचे. २०१५ साली सरकारच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, रोमिंगमधल्या इनकमिंगची कमाल मर्यादा मिनिटाला ७५ पैशांवरून ४५ पैशांवर आणली. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, फुकटाची लाट आली आणि रोमिंगचे पैसेही गेले. ट्रायच्याच आकड्यांप्रमाणे २०१४ साली एक जीबी इंटरनेट सरासरी २६९ रुपयांना पडे, ते २०१८ साली बारा रुपयांच्या आत आले.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की जीबी स्वस्त झाला, पण दारातून आत शिरण्याचे तिकीट महाग झाले.

पूर्वी दहा रुपयांचा टॉकटाइम टाकून माणूस महिनोन्‌महिने इनकमिंगवर काढायचा. गरज पडली की मिस्ड कॉल द्यायचा. २०१८ च्या अखेरीस जुन्या कंपन्यांनी हा मार्ग बंद केला आणि इनकमिंग चालू ठेवायलाही २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचा रिचार्ज आला. एअरटेलचे हे किमान पुढे ४९, ७९, ९९ अशा पायऱ्या चढत २०२३ मध्ये १५५ वर पोचले आणि जुलै २०२४ मध्ये १९९ वर गेले. कंपनी म्हणेल, १९९ रुपयांत आम्ही हवे तेवढे बोलणे आणि दोन जीबी इंटरनेटही देतो. खरे आहे. पण ज्या म्हातारीला फक्त लेकाचा फोन घ्यायचा आहे, तिने ते दोन जीबी घेऊन काय करायचे? जो भरपूर वापरतो त्याला स्वस्त आणि जो थोडेच वापरतो त्याला महाग, असा हा उलटा न्याय आहे.

याचे कारणही समजून घेतले पाहिजे. दहा वर्षांपूर्वी बाजारात दहा-बारा कंपन्या होत्या. एअरसेल बुडाली, अनिल अंबानींची रिलायन्स बुडाली, टेलिनॉर आणि टाटा डोकोमो एअरटेलमध्ये गेल्या, ऑगस्ट २०१८ मध्ये आयडिया आणि व्होडाफोन एक झाल्या. खासगी तीन आणि सरकारी बीएसएनएल एवढेच उरले. त्यात ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कंपन्यांवर सरकारी थकबाकीचा मोठा बोजा आला, २०२२ च्या लिलावात ५जी लहरींसाठी सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. हा सारा पैसा शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून निघणार.

आता फिरत्या माणसाचेच जास्त का कापले जाते ते पाहा. शहरात पक्के घर असणारा वाय-फाय बसवतो, एका जोडणीत सारे कुटुंब भागवतो आणि मोबाइलला लहान रिचार्ज मारतो. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत वाय-फाय कुठून येणार? ट्रकच्या केबिनमध्ये कोण वायर ओढणार? त्यांचे सारे इंटरनेट मोबाइलवरच. गावाकडे एका कंपनीची रेंज, पडावावर दुसऱ्याच कंपनीची. म्हणून दोन सिम, दोन रिचार्ज. वर्षाचा रिचार्ज एकदम केला तर स्वस्त पडतो, पण एकरकमी पैसे हातात नसतात. किराणा दुकानात पाव-पाव किलो तेल नेणाऱ्याला जसे तेल महाग पडते, तशीच ही गत.

अमेरिकेतही घराचे भाडे परवडेना म्हणून मोटारगाडीतच संसार थाटून गावोगाव कामाला जाणारी म्हातारी माणसे आहेत. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात त्यांची हकीकत लिहिली. त्यातले काही जण हंगामात साखरेच्या बीटाच्या काढणीला जातात, जशी आपली माणसे उसाला जातात! अशा गाडीतल्या घरांसाठी स्टारलिंक कंपनीने मे २०२२ मध्ये उपग्रहावरून इंटरनेट सुरू केले. महिन्याला १३५ डॉलर, आणि वर्षाच्या आत त्याचे १५० झाले. म्हणजे फिरत्या माणसाला जादा मोजायला लावणे हे काही आपल्याकडचेच नाही. त्याला पर्याय नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असते.

आणि मोबाइल ही आता चैन राहिलेली नाही. ज्याचा मुक्काम दर पंधरवड्याला हलतो, त्याचा पत्ता म्हणजे त्याचा नंबर. बँकेचा निरोप त्यावर, आधारचा ओटीपी त्यावर, महाडीबीटीवर मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर तोही त्यावर. लाडकी बहीण योजनेचे उदाहरण ताजे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नंबरवर दुसरा ओटीपी. नेमक्या त्याच नोव्हेंबर-डिसेंबरात ऊसतोडीची कुटुंबे फडावर होती. ज्याचा रिचार्ज संपून नंबर बंद पडला, त्याचा दीड हजारांचा हप्ता दोनशे रुपयांसाठी अडकायची वेळ! २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गाने चालत निघालेले मजूर आपण पाहिले आहेत. घरच्यांना “मी इथवर आलो” एवढे कळवायचे, तरी फोन चालू लागत होता.

तेव्हा करायचे काय? काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली गोष्ट, नियम माहीत करून घ्या. ट्रायच्या जानेवारी २०२२ च्या आदेशाने प्रत्येक कंपनीने किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा करता येणारा रिचार्ज ठेवला पाहिजे. दुकानदार आपणहून दाखवत नाही, मागून घ्या. डिसेंबर २०२४ च्या नियमाने फक्त बोलणे आणि मेसेज यांचा, इंटरनेट नसलेला रिचार्जही कंपन्यांना ठेवावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये तो जिओने ८४ दिवसांना ४४८ रुपयांत आणि एअरटेलने ४६९ रुपयांत आणला. एअरटेलचा ३६५ दिवसांचा १,८४९ ला. दर बदलत असतात, म्हणून घेण्यापूर्वी त्या दिवसाचा दर विचारा.

दुसरी गोष्ट, घराचा हिशेब एकत्र मांडा. समजा, कोयत्यावर नवरा-बायको आणि गावी मुलांजवळ आजी, असे तीन फोन आहेत. वर सांगितलेल्या दरांनी दोघांचे २९९ चे आणि आजीचा १९९ चा, असे वर्षाला १०,३६१ रुपये होतात. एकाच फोनवर इंटरनेट ठेवून बाकी दोघांना वर्षाचा बोलण्याचा रिचार्ज केला, तर ७,५८५ रुपयांत भागते. २,७७६ रुपये वाचतात. पोरांच्या वह्या-पुस्तकांना ते थोडे नाहीत. मात्र इंटरनेटचा फोन कुणाच्या हातात, हेही ठरवा. तो घरच्या पुरुषाने रील बघत बसण्यासाठी नाही. ज्या लेकीला अभ्यास करायचा आहे, ज्या बाईला आपल्या खात्याचे काम करायचे आहे, तिला तो वेळेवर मिळाला पाहिजे.

तिसरी गोष्ट, एकरकमी पैशांची. उचलीतून रिचार्ज मारला तर तेही कर्जच. त्यापेक्षा वस्तीतल्या महिला बचत गटाने फडावर जाणाऱ्या कुटुंबांना वर्षाच्या रिचार्जपुरती रक्कम द्यावी आणि हप्त्याने परत घ्यावी. १९९ चे तेरा रिचार्ज २,५८७ रुपयांचे होतात. त्या जागी १,८४९ भरले तर ७३८ रुपये वाचतात.

चौथी गोष्ट, बीएसएनएल तपासून पाहा. जुलै २०२४ ला त्यांनी दर वाढवले नव्हते. २७ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांची स्वदेशी ४जी सेवा देशभर सुरू झाली. पण आधी पडावावर रेंज येते का ते बघा, मगच नंबर बदलून घ्या. जुलै २०१५ पासून देशात कुठेही तोच नंबर ठेवून कंपनी बदलता येते.

उरलेली गोष्ट एकट्या-दुकट्याची नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी योजना मंजूर केली. त्यात साधा किराणा दुकानदारही सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो. मग लाखो टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याला आपल्या तोडणी मजुरांच्या अड्ड्यावर ते का देता येऊ नये? डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीला गेलेल्या खानदेशी ऊसतोड मजुरांचे हाल जगापुढे मांडले होते. तेव्हा प्रश्न पाणी, निवारा आणि मजुरीचे होते. ते आजही पुरते सुटलेले नाहीत, त्यात हा एक नवा आला आहे. मुकादमाशी करार करताना पाणी, दवाखाना, मुलांची शाळा यांच्या जोडीने अड्ड्यावरच्या वाय-फायचीही मागणी ठेवा. एकट्याने मागितले तर हसतील. शंभर कोयत्यांनी मागितले तर ऐकावे लागेल.

पुढच्या हंगामाला गाडी भरण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक नंबरच्या रिचार्जची शेवटची तारीख एका कागदावर लिहून तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. घराला कुलूप लागले तरी नंबर चालू राहिला पाहिजे.