बांगसामोरो : शांतता, गुंतवणूक आणि जमिनीचा वाटा

8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली, नदीचा प्रवाह वळवावा लागला, गावे उठवावी लागली. भांडवल दाराशी आले की मूळ रहिवाशाच्या पदरी काय पडते, हा प्रश्न उलवेकरांना नवा नाही. तोच प्रश्न आज दक्षिण फिलिपिन्समधील बांगसामोरो या मुस्लिमबहुल स्वायत्त प्रदेशापुढे उभा आहे.

फिलिपिन्स हा कॅथलिक देश. परंतु मिंदानाव बेटाच्या पश्चिमेस मोरो मुसलमानांची वस्ती पूर्वापार आहे. विसाव्या शतकात उत्तरेकडील बेटांवरून आलेल्या वसाहतकारांना सरकारने तेथे जमिनी दिल्या आणि मोरो आपल्याच भूमीत अल्पसंख्य झाले. हे वसाहतकार बहुतांशी आपलेच ख्रिस्ती बांधव होते, हे आपण विसरू नये. अनेक दशकांच्या सशस्त्र संघर्षानंतर 2014 मध्ये शांतता करार झाला आणि 2019 च्या सार्वमताने हा प्रदेश अस्तित्वात आला. कोताबातोचे महागुरुस्वामी कार्डिनल ऑर्लांदो केवेदो यांनी या प्रक्रियेस जाहीर पाठिंबा दिला होता.

कागदावर तरतूद उदार आहे. राष्ट्रीय अंतर्गत महसुलातील 5 टक्के रक्कम दरवर्षी प्रदेशाला एकरकमी मिळते आणि तेथे गोळा होणाऱ्या राष्ट्रीय करांतूनही वाटा मिळतो. 2018 मध्ये निम्म्याहून अधिक कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. 2023 पर्यंत हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर आले. ही सुधारणा लहान नव्हे. तरीही दरडोई उत्पन्न देशात तळाशीच राहिले, कारण अंदाजपत्रकाचा बहुतांश भाग मनिलाच्या अनुदानावर चालतो. खासगी भांडवल बिचकतच येते. मका, नारळ, मासळी, तावी-तावी बेटांवरील समुद्रशेवाळ असा कच्चा माल विपुल आहे, परंतु प्रक्रिया उद्योग तुटपुंजे आहेत. हलाल उत्पादने आणि बिनव्याजी इस्लामी बँकव्यवहार यांवर प्रदेशाची भिस्त आहे. 2019 मध्ये त्या बँकांसाठी स्वतंत्र कायदाही झाला.

दोन उदाहरणे बोलकी आहेत. लानाव सरोवरातून निघणाऱ्या आगुस नदीवरील जलविद्युत केंद्रांनी अनेक दशके मिंदानावला वीज पुरविली. सरोवराकाठचा लानाव देल सुर प्रांत मात्र देशातील सर्वांत दरिद्री प्रांतांत गणला जात राहिला. उलट 1990 च्या दशकाच्या अखेरीस दातू पाग्लास येथे स्थानिक मोरो नेत्याच्या पुढाकाराने निर्यातीसाठी केळीची विस्तीर्ण लागवड झाली आणि कालचे बंडखोर तेथे पगारी कामगार झाले. पहिल्या ठिकाणी पाणी गेले, दुसऱ्या ठिकाणी काम आले.

जखमा अजून ओल्या आहेत. 2017 मध्ये मरावी शहर पाच महिने वेढ्यात होते. फादर तेरेसितो सुगानोब यांना दहशतवाद्यांनी ओलीस ठेवले होते. जानेवारी 2019 मध्ये होलोच्या कॅथेड्रलमध्ये रविवारच्या मिस्सावेळी स्फोट झाले. 3 डिसेंबर 2023 रोजी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, मरावीच्या विद्यापीठात मिस्सा चालू असतानाच बाँब फुटून चौघे मृत्युमुखी पडले. हल्लेखोर अतिरेकी गटांचे होते. करार करणारे मोरो नेतृत्व त्यांच्या विरोधात उभे राहिले, हा भेद आपल्याकडे अनेकदा पुसला जातो.

राजकीय अनिश्चितताही भांडवलाला मानवत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुलू प्रांत प्रदेशाबाहेर काढला. पहिली निवडणूक 2022 वरून मे 2025 वर, नंतर ऑक्टोबर 2025 वर गेली आणि तेव्हाही झाली नाही. त्या कायदेमंडळात ख्रिस्ती वसाहतकारांच्या वंशजांसाठी दोन जागा राखीव आहेत. मोरोंना आपल्या जमिनीवरील हक्क हवा आहे, त्यांना आपल्या घरातील सुरक्षितता.

आपल्याकडे जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी पाच आंदोलकांनी प्राण दिले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. बांगसामोरोत वाट्याचे कलम आधीच कायद्यात लिहिलेले आहे. लानाव सरोवराकाठच्या कुटुंबाच्या हाती त्यातले किती पडते, ते मात्र अद्याप ठरायचे आहे.