समुद्राची लॉग फाईल

हवामानबदलाचा विषय निघाला की आमच्या चहाच्या टेबलावर एक वाक्य हमखास येतं. "अरे, आपण सोडतो त्यातला पाव हिस्सा कार्बन डायऑक्साइड समुद्रच पिऊन टाकतो. त्याचं पोट मोठं आहे." पाव हिस्सा हे बरोबर आहे. पोटाचं मात्र मला पटत नाही, आणि का पटत नाही ते लिहायला हा शनिवार खर्ची घातलाय.

हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तरेला साधारण १०० किलोमीटरवर, भर समुद्रात, एक जागा आहे. नाव स्टेशन अलोहा. स्टेशन म्हटलं तरी फलाट नाही की हमाल नाही, चहूकडे पाणी आणि खाली पावणेपाच किलोमीटर खोली. ऑक्टोबर १९८८ पासून हवाई विद्यापीठाची माणसं साधारण महिन्यातून एकदा तिथे जहाज घेऊन जातात, पाणी भरतात, मोजतात. तीनशेच्या वर खेपा झाल्या. डेटा फुकट आहे, कोणीही उतरवून घ्यावा. मी घेतला आणि ग्राफ काढला.

पहिली दोन-तीन वर्षं बघितली तर काही म्हणजे काही कळत नाही. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब वर, हिवाळ्यात खाली. (कोमट सोड्याची बाटली उघडून बघा, जपून.) दरवर्षीची खरी वाढ जेमतेम २ मायक्रोॲटमॉस्फिअर, आणि ऋतूंचा झोका तिच्या कितीतरी पट. पण तीसेक वर्षं एकत्र बघितली की ३३० च्या आसपास सुरू झालेली रेष ३८० च्या पुढे गेलेली दिसते. शेजारच्याच मौना लोआ डोंगरावर मोजलेली हवेतली रेष तिच्या बाजूला ठेवा, दोघी जोडीने चढतायत. पीएच मात्र उलट, दरवर्षी साधारण ०.००२ ने खाली.

"०.००२? हे काय घेऊन बसलास?" अहो, पीएच हा लॉगरिदम आहे. औद्योगिक क्रांतीच्या आधी जगभरच्या समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी पीएच ८.२ च्या जवळ होता, आता ८.१ च्या जवळ आहे. १० चा ०.१ घात काढा, १.२६ येतो. म्हणजे हायड्रोजन आयन सव्वापट. समुद्र अजून अल्कधर्मीच आहे, उद्या त्यात बोट घातलं तर भाजणार नाही. तो प्रश्नच नाही.

प्रश्न पोटाचा आहे. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यातल्या कार्बोनेटशी संयोग पावून बायकार्बोनेट होतो, म्हणून तर समुद्र एवढा गिळू शकतो. पण प्रत्येक घासाला थोडं कार्बोनेट खर्च होतं. १९५७ मध्ये रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांनी हे गणित मांडलं. हवेतला वायू १० टक्के वाढला तर वरच्या पाण्यातला एकूण कार्बन जेमतेम १ टक्का वाढतो. आणि कार्बोनेट कमी होत गेलं की हे प्रमाण आणखी बिघडतं. शिवाय तेच कार्बोनेट प्रवाळांना आणि शिंपल्यांना घर बांधायला लागतं. रसायनवाले याला बफर म्हणतात. बफर भरत आला की काय होतं हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

मला सगळ्यात आवडतो तो यामागचा मेंटेनन्स. अलोहाच्या एक किलो पाण्यात एकूण कार्बन २००० मायक्रोमोलच्या आसपास आणि वार्षिक वाढ साधारण १. दोन हजारात एक! हे पकडायचं तर १९९० ची मोजणी आणि आजची मोजणी एकाच मापाची हवी. त्यासाठी सॅन दिएगोच्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांची प्रयोगशाळा समुद्राचं पाणी पाऱ्याचा क्षार घालून, बाटल्यांत सीलबंद करून, प्रमाणित करून जगभर पाठवत आली. तीसेक वर्षं बहुतेक जग या एका प्रयोगशाळेवर विसंबून होतं, आणि कोविडच्या काळात पुरवठा अडखळला तेव्हा सगळ्यांचे धाबे दणाणले. २०१४ मध्ये हार्टब्लीड आला आणि ओपनएसएसएलवर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच आहे हे कळलं, तेव्हा आमचं झालं होतं तसंच.

पैशाचंही तेच. मौना लोआची मोजणी चार्ल्स कीलिंगने १९५८ मध्ये सुरू केली आणि १९६४ मध्ये निधी आटल्यामुळे ती काही आठवडे बंद पडली. ती फट आलेखात आजही आहे. २०२२ मध्ये लाव्ह्याने वीज तोडली, तर मोजणी शेजारच्या मौना केआवर नेली. लाव्हा परवडला म्हणायचा, कारण २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात मौना लोआचा निधीच बंद करायची सूचना होती. नवीन फीचरला टाळ्या पडतात, चालू सर्व्हरचं बिल भरायला सगळ्यांच्या जिवावर येतं.

आता आपल्या दारातला अरबी समुद्र. नैऋत्य मोसमी वारे सुटले की सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याशी खालचं थंड, कार्बनने भरलेलं पाणी वर येतं. त्यामुळे हा समुद्र वर्षाच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइड पीत नाही, उलट सोडतो. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी नव्वदच्या दशकात जहाजांवरून मोजून हे दाखवलं. इथला मोसमी झोका हवाईपेक्षा कितीतरी मोठा. म्हणजे त्याखालची संथ वाढ दिसायला आपल्याला अलोहापेक्षा जास्त वर्षं मोजावं लागेल, आणि झोका सर्वात मोठा असतो नेमका तेव्हाच समुद्र खवळलेला. याच संस्थेची माणसं कांदोळीसमोर १९९७ पासून नेमाने पाणी तपासतायत, पण ती जागा उथळ, किनाऱ्यालगतची. माझं मागणं साधं आहे: खोल अरबी समुद्रात अशी एक जागा, पावसाळ्यासकट दर महिन्याला खेप, आणि तीन वर्षांच्या प्रकल्पाचा नाही तर चाळीस वर्षांचा निधी.