बिचाऱ्या दातांवर खापर

वाराणसीच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाट भागात पेशवाईच्या काळापासून मराठी कुटुंबे राहत आली आहेत. अशा एखाद्या घरात सात महिन्यांच्या बाळाने रात्रभर रडून आईबाबांना जागवले, की सकाळी आजी हिरडीवरून बोट फिरवून सांगते, 'दात येताहेत हो!' आजीचे निदान बहुधा खरे ठरते. साधारण सहाव्या महिन्यानंतर खालचे पुढचे दात डोकावू लागतात. लाळेने झबली भिजतात, हाती लागेल ते तोंडात जाते. बनारसची प्रसिद्ध लाकडी खेळणीही त्यातून सुटत नाहीत. पण रंगवलेले खेळणे चघळायला न देता उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेला स्वच्छ रुमाल द्यावा. हिरडी बधिर करणारे मलम तर नकोच. अशा बेन्झोकेनच्या मलमांविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली इशारा दिला होता.

इथपर्यंत सारे कौतुकाचेच. घोटाळा होतो तो पुढे. बाळाला पातळ जुलाब होतात, अंग तापते आणि घरातले निर्धास्त! 'दातांचेच आहे, थांबेल आपोआप.' वास्तविक दातांमुळे असे जुलाब होत नाहीत. याच वयात बाळ रांगू लागते, जमिनीवरचे जंतू मुठीबरोबर पोटात जातात. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्तीही तेव्हा ओसरत असते. अशा वेळी अंगावरचे दूध चालूच ठेवावे आणि एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचे मोठे पाकीट विरघळवून चमच्याचमच्याने पाजत राहावे. ताप १००.४ अंशांवर गेला, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा बाळ मलूल पडले, तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.