डीएपीची गोणी आणि चीनची पंचवार्षिक योजना

रब्बीच्या तोंडावर डीएपीची टंचाई आणि द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर विद्राव्य खतांचे चढे दर, हे आता वारंवार घडू लागले आहे. विचारले की दुकानदार एकच कारण सांगतो, "चीनचा माल येत नाही." ते बरेचसे खरे आहे. पण चीन खत कधी विकतो आणि कधी थांबवतो, हे तिथल्या सरकारी नियोजनावर ठरते. ते नियोजन कसे चालते हे कळले, तर आपल्या खत खरेदीचे वेळापत्रक नीट आखता येईल.

स्वस्त खत तयार कसे झाले?

चीनमध्ये खत हा अन्नसुरक्षेचा विषय मानला जातो. अनेक वर्षे तिथल्या खत कारखान्यांना सवलतीच्या दरात वीज आणि नैसर्गिक वायू मिळत होता, रेल्वे भाड्यात सूट होती आणि मूल्यवर्धित कर माफ होता. फॉस्फेट खडकाचे साठे प्रामुख्याने युन्नान, ग्वेझौ, हुबेई आणि सिचुआन या प्रांतांत आहेत. आपल्याकडे कारखाने यावेत, रोजगार आणि महसूल वाढावा म्हणून प्रांतिक सरकारांनीही हात सैल सोडला. या क्षेत्रातील काही मोठ्या कंपन्या तर सरकारी मालकीच्याच आहेत.

परिणामी देशाच्या गरजेपेक्षा जास्त क्षमता उभी राहिली आणि उरलेला माल जगाच्या बाजारात आला. 2015 मध्ये चीनने सुमारे 137 लाख टन युरिया निर्यात केला. फॉस्फेट खतांतही तो जगातील सर्वात मोठा उत्पादक बनला. या स्वस्त मालाचा भारत मोठा ग्राहक झाला.

2015 नंतर वारे फिरले

त्याच वर्षी चीनने खतावरील मूल्यवर्धित कराची माफी काढून घेतली. 2020 पर्यंत रासायनिक खतांच्या वापरातील वाढ शून्यावर आणण्याचा आराखडाही जाहीर केला. फॉस्फोरिक आम्ल तयार करताना प्रत्येक टनामागे चार ते पाच टन फॉस्फोजिप्सम हा टाकाऊ पदार्थ निघतो. त्याचे डोंगर यांगत्से नदीच्या खोऱ्यात साचले होते. ग्वेझौ प्रांताने 2018 पासून नियम केला की, जेवढे जिप्सम वापरात आणाल तेवढेच नवे तयार करा. जुने, प्रदूषण करणारे कारखाने बंद होऊ लागले.

दुसरा बदल वाहन उद्योगातून आला. चीनने 2009 पासून इलेक्ट्रिक वाहनांना अनुदान दिले. केंद्र सरकारचे खरेदी अनुदान 2022 च्या अखेरीस संपले, तोपर्यंत बॅटरी उद्योग पायावर उभा राहिला होता. 2019 मध्ये अनुदानात मोठी कपात झाल्यावर कंपन्यांनी स्वस्त बॅटरीकडे मोर्चा वळवला. ती म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. चीनमधील वाहनांच्या बॅटऱ्यांमध्ये तिचा वाटा 2024 मध्ये जवळपास तीन चतुर्थांश होता.

या बॅटरीतील फॉस्फेट त्याच खडकातून येते, ज्यातून डीएपी तयार होतो. आजही बहुतांश फॉस्फेट खतासाठीच जाते, त्यामुळे टंचाईचे सगळे खापर बॅटरीवर फोडता येणार नाही. मात्र कारखानदाराला शुद्ध फॉस्फोरिक आम्ल बॅटरीसाठी विकण्यात जास्त पैसे दिसतात. अनेक जुन्या खत कंपन्यांनी बॅटरीच्या कच्च्या मालाचे प्रकल्प सुरू केले आहेत. सरकारचा कलही त्याच बाजूला आहे.

निर्यातीचा नळ कोणाच्या हातात?

जुलै 2021 मध्ये देशांतर्गत खतांचे दर वाढताच चीनच्या राष्ट्रीय विकास आणि सुधारणा आयोगाने मोठ्या खत कंपन्यांना बोलावून घेतले. लगेच कंपन्यांनी निर्यात थांबवत असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर 2021 पासून निर्यातीच्या खतांना सीमाशुल्क विभागाची तपासणी सक्तीची झाली. कागदोपत्री ही बंदी नाही. पण तपासणीचा दाखला मिळाला नाही की माल बंदरातच पडून राहतो.

चीनची डीएपी निर्यात 2021 मध्ये सुमारे 62 लाख टन होती, ती 2022 मध्ये 36 लाख टनांच्या आसपास आली. त्याच काळात रशिया-युक्रेन युद्धाचीही भर पडली. डीएपीचा जागतिक सरासरी दर 2020 मध्ये टनाला सुमारे 310 डॉलर होता, तो 2022 मध्ये 770 डॉलरवर गेला. युरियाची निर्यात तर 2024 मध्ये तीन लाख टनांच्याही खाली होती.

2025 मध्ये विद्राव्य खतांच्या बाबतीत हेच घडले. भारतात येणाऱ्या या खतांपैकी सुमारे 80 टक्के माल चीनचा असतो, असा उद्योगाचा अंदाज आहे. तपासणी रखडली आणि पुरवठा अडला. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले, तेव्हा खत पुरवठा हा चर्चेचा विषय होता.

आपल्याला झळ कुठे बसते?

डीएपीवर अनुदान असल्याने गोणी 1350 रुपयांना मिळते. जागतिक दर वाढला तर बोजा सरकारी तिजोरीवर येतो आणि शेतकऱ्याला टंचाई सोसावी लागते. 12:61:00, 00:52:34, 13:00:45 या विद्राव्य खतांवर अनुदान नाही. तिथे दरवाढ थेट खिशातून जाते.

यात वेळेचे गणितही आहे. चीन आधी आपल्या वसंत ऋतूतील पेरणीची गरज भागवतो. अलीकडच्या वर्षांत निर्यातीला मोकळीक मिळाली ती साधारण मे-जूननंतर, आणि शरद ऋतूत ती पुन्हा आवळली गेली. आपली रब्बीची डीएपी मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिगेला पोहोचते. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जहाजे लागली नाहीत, तर पुढे भरपाई होणे अवघड.

भारताने जुलै 2025 मध्ये सौदी अरेबियाच्या मादेन कंपनीशी वर्षाला 31 लाख टन डीएपीचा पाच वर्षांचा करार जाहीर केला. एका देशावरचे अवलंबित्व कमी होणे चांगलेच. तरी आयात ती आयातच. देशात बनणाऱ्या डीएपीसाठीही खडक किंवा आम्ल बाहेरूनच येते.

शेतावर काय करता येईल?

- माती परीक्षण करा. वर्षानुवर्षे डीएपी टाकलेल्या जमिनीत स्फुरदाचे प्रमाण मध्यम ते जास्त आढळू शकते. तिथे अहवालानुसार मात्रा कमी करता येते.
- पर्याय हिशेबाने वापरा. डीएपीच्या 50 किलो गोणीत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद असते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या आणि 20 किलो युरिया यातून जवळपास तेवढेच मिळते, शिवाय सुमारे 16 किलो गंधक. सोयाबीन, हरभरा आणि करडईला या गंधकाचा फायदा होतो.
- खत पेरून द्या. फेकून दिलेल्या स्फुरदापेक्षा बियाण्याखाली पेरलेला स्फुरद पिकाला जास्त लागू पडतो. बियाण्याला स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया करा.
- विद्राव्य खते वेळेआधी घ्या. बागायतदारांनी छाटणीच्या तारखेवरून गरज काढून पावसाळ्यातच खरेदी करावी. गटाने घेतल्यास दरही बरा मिळतो. पक्के बिल घ्या आणि पिशवीवरील घटक तपासा.

चीनने अनुदान दिले ते आपल्या उद्योगासाठी, आणि निर्यात रोखली ती आपल्या शेतीसाठी. तिथला माल स्वस्त होता त्या वर्षांत आपण पर्यायांकडे फारसे पाहिले नाही, म्हणून आज अडचण जास्त जाणवते. पुढच्या वर्षी नळ पुन्हा मोकळा झाला, दर उतरले, तरी माती परीक्षण आणि सुपर फॉस्फेटचा हिशेब सोडू नका.